रिबिनीची झाडं

मावशींचा हात किती चालतो हे मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. तासाला चारशे रोपं! ट्रेच्या कप्प्यातून रोप खालून अंगठ्यानं वर ढकलायचं, दोन बोटांत पानाला धरून उचलायचं, पिशवीतल्या खड्ड्यात सोडायचं आणि मातीला एक टपली मारायची. देठाला बोट लावायचं नाही, कारण देठ चेपला की रोप गेलंच. आणि हे सगळं चालू असताना तोंडही चालूच. सुनेचं गाऱ्हाणं, गुडघ्यांचं गाऱ्हाणं, मग पुन्हा सुनेचं.

"मॅडम, रोपांशी बोललं की ती चांगली वाढतात असं तुमच्या पुस्तकात आहे का हो?" त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"नाही."

"अरे देवा! म्हणजे मी एवढी वर्षं फुकटच बोलले."

नवरा गेला तेव्हा दीड वर्षाचं पोर कडेवर घेऊन त्या या नर्सरीत आल्या. त्याला बावीस वर्षं झाली. आजचा मालक, ज्याला सगळे भाऊ म्हणतात, तेव्हा शाळेत होता. रोप कसं धरायचं हे त्याला मावशींनीच शिकवलं. पूर्वी त्यांना तंबाखूची सवय होती, कमरेला कायम पुडी खोचलेली असायची, म्हणून त्या पुडीवाली मावशी. नाव असं चिकटलं की खरं नाव हजेरीच्या वहीतसुद्धा कोणी लिहीत नव्हतं.

माझं काम सल्ला देण्याचं. प्लास्टिकच्या छपराखाली पिकं घेणारे पॉलिहाउसवाले, नर्सरीवाले, शहरातल्या रस्त्यांच्या दुभाजकांवर झाडं लावणारे कंत्राटदार, सगळ्यांकडे फिरायचं आणि सांगायचं की औषधं कमी मारा, किडींना खाणारे मित्रकिडे सोडा, छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत घ्या. लोक ऐकतात, कारण मी ओरडते. राग माझ्या नाकावर असतो आणि मला त्याचा अभिमान होता. हो, अभिमान! आता लिहितानाही कानशिलं तापतात.

भाऊच्या पॉलिहाउसमध्ये त्या वर्षी टोमॅटो होता. विषारी फवारणी न करता टोमॅटो काढून दाखवायचा, असं मी त्याला पटवलं होतं. प्रत्येक ओळीतल्या दर दहाव्या झाडाला मी लाल रिबीन बांधली. दर मंगळवारी जाऊन त्या झाडांची उंची मोजायची, फुलं मोजायची, बगलफूट स्वतः खुडायची. बगलफूट म्हणजे पानाच्या बगलेतून निघणारा कोंब. तो वेळेवर काढला नाही तर झाड नुसतं पसरतं. मोजमाप बिघडू नये म्हणून मी सगळ्यांना दम भरला होता, "रिबिनीच्या झाडाला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. लावलात तर माझ्याशी गाठ आहे!"

मावशींनी लगेच दोन्ही हात पदराखाली घेतले होते. "बघितलं तर चालेल ना?" म्हणाल्या. सगळे हसले. मीही.

पुढे मला ताप आला आणि तीन आठवडे मी अंथरुणाला खिळले. भाऊ फोनवर पानांचे फोटो पाठवायचा. मी अर्ध्या डोळ्यांनी पाहून काहीतरी उत्तर द्यायचे. बरी होऊन गेले तेव्हा निम्म्याहून जास्त पिकाच्या पानांवर हिरवे-पिवळे डाग उठले होते आणि शेंडे आखडून दोऱ्यासारखे झाले होते. मोझॅक. विषाणूचा रोग. याला औषध नाही, झाडं उपटायची आणि जाळायची, बस. हा रोग हातांवरून पसरतो, कात्रीवरून पसरतो, आणि तंबाखूतूनही येऊ शकतो. तंबाखू चोळलेला हात टोमॅटोला लागला तर तेवढं पुरतं.

मी मागे वळले, तर मावशी उभ्या आणि त्यांच्या कमरेला पुडी.

"मावशी, काय आहे हे?"

"अहो मॅडम, ही बडीशेप. तंबाखू सोडून चार वर्षं झाली. हाताला चाळा लागतो म्हणून..."

"मला शिकवू नकोस!" मी म्हटलं. माझ्या आईच्या वयाच्या बाईला मी अगं-तुगं केलं, पंधरा माणसांसमोर. "बावीस वर्षं काम करतेस आणि एवढं कळत नाही? अख्खं पीक खाल्लंस तू!"

त्यांनी पुडी काढून माझ्यासमोर धरली. उघडून बघा म्हणून. मी बघितली नाही. हात झटकला आणि भाऊला म्हटलं, "तंबाखू हाताळणारं माणूस मला आत नको."

त्यांना काढून टाक असं मी म्हटलं नव्हतं. हे वाक्य मी नंतर स्वतःला इतक्यांदा ऐकवलं की ते गुळगुळीत झालं. भाऊचं वर्षभराचं पीक गेलं होतं, त्याला कोणावर तरी खापर फोडायचंच होतं, आणि ते कोणावर फोडायचं हे मी बोटानं दाखवून दिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मावशी नर्सरीत नव्हत्या.

आणि मी काय केलं? मी त्याचा किस्सा केला. उत्पादकांची शिबिरं घेते ना मी, त्यांत हाताच्या स्वच्छतेचा विषय आला की सांगायचे, "एका नर्सरीत होती एक पुडीवाली मावशी..." कमरेची पुडी सावरत रोपं लावायची नक्कल करून दाखवायचे. लोक हसून हसून लोळायचे. चांगल्या सहा-सात शिबिरांत मी हा किस्सा सांगितला. दर वेळी तो थोडा जास्त रंगायचा.

मग एका सकाळी नव्या शिबिरासाठी रोगट पानाचा एक मोठा, स्पष्ट फोटो हवा होता, म्हणून भाऊनं तापाच्या दिवसांत पाठवलेले जुने फोटो उघडले. एक छान सापडला. मोठा करून पाहिला तर कोपऱ्यात लाल रिबीन. दुसरा उघडला, त्यातही रिबीन. तिसरा, चौथा, नववा. सगळ्यांत रिबीन. खाली भाऊचा निरोप होता, "सध्या हीच तेवढी अशी दिसतायत मॅडम, बाकी चांगली आहेत."

मी तो निरोप तेव्हा वाचला होता. उत्तरही दिलं होतं, "पाणी बघ."

रिबिनीच्या झाडांना त्या अख्ख्या पॉलिहाउसमध्ये एकाच माणसाचा हात लागत होता. रोग तिथे सुरू झाला, पानाला पान घासून शेजारच्या झाडांना लागला आणि मग त्या झाडांची कामं करणाऱ्यांच्या हातांवरून पसरला. मंगळवारी मी भाऊकडे जाण्याआधी दुसऱ्या एका पॉलिहाउसमध्ये जायचे. तिथे मोझॅक आधीपासून होता आणि मला तो माहीत होता. माझ्याच माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात छापलंय की निरोगी पिकात आधी जा, रोगट पिकात शेवटी, मधे हात साबणानं धुवा. पण ते पॉलिहाउस वाटेवर पडायचं, ऊन चढायच्या आत ते उरकलं की बरं वाटायचं. आणि हात? हात मी रुमालाला पुसायचे.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग त्या बाईंना जाऊन सांग ना." मी त्याच्यावरच खेकसले, "तुला काय कळतं त्यातलं!" त्यानं निमूटपणे चष्मा पुसला. कळण्यासारखं त्यात काय होतं? सगळं तर कळलंच होतं.

पुढचे दोन महिने मी फक्त एक केलं, तो किस्सा सांगणं बंद केलं. वाटलं, चला, निदान एवढं तरी केलं. जनाची नाही तर निदान मनाची तरी लाज असावी माणसाला, असं म्हणतात. माझ्याकडे मात्र जनाचीच तेवढी होती आणि तिनंच माझं तोंड बंद ठेवलं होतं.

मावशी मला भेटल्या त्या रस्त्यात. अक्षरशः रस्त्याच्या मधोमध. दुभाजकावरची झुडपं का वाळतायत हे बघायला कंत्राटदारानं मला बोलावलं होतं. नारिंगी जाकीट घातलेल्या पाच-सहा बायका खुरपत होत्या. दोन्ही बाजूंनी गाड्या वाहत होत्या, आणि त्या धुरात एक ओळखीचा आवाज एका वाळक्या झुडपाला विचारत होता, "काय गं बाई, तुलाही गुडघेदुखी का?"

मला पाहून त्या गप्प झाल्या. खुरपं तेवढं चालू राहिलं. मी त्यांच्याजवळ उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. रिबीन, फोटो, मंगळवार, रुमाल. सांगता सांगता रडले. मला वाटलं होतं त्या रागावतील, किंवा माफ करतील. त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"मला कशाला सांगताय, मॅडम?" त्या म्हणाल्या. "मला ठाऊकच होतं की मी तंबाखू खात नव्हते."

मी रुमालानं डोळे पुसले.

"चार नर्सऱ्यांत विचारून आले मी. चारही ठिकाणी मला बघून हसले. म्हणाले, तुम्हीच का त्या किश्शातल्या? पलीकडच्या रस्त्याला ती नवी मोठी रोपवाटिका झालीय ना, तिथल्या बाईंना ट्रेवर माणसं हवीयत. त्याही म्हणाल्या, तुमच्याबद्दल ऐकलंय." त्यांनी खुरप्याची माती झटकली. "माझ्या हाताला दुसरं काही येत नाही हो. इथे दिवसभर धूर खाते आणि संध्याकाळी खोकते. तुम्ही ज्यांना सांगितलंत त्यांना सांगा. मला सांगून काय होणार?"

"सांगते. पुढच्या गुरुवारी शिबिर आहे. त्या रोपवाटिकावाल्या बाईही येणार आहेत."

"मग मी पण येते," मावशी म्हणाल्या. "पुढे बसेन."

गुरुवारी सभागृहात साठेक माणसं होती. भाऊ होता. रोपवाटिकावाल्या बाई दुसऱ्या रांगेत वही उघडून बसल्या होत्या. मावशी पहिल्या रांगेत, धुतलेली साडी, मांडीवर कापडी पिशवी. मी नारळाच्या भुशाच्या कोकोपीटवर बोलले, टाकीतल्या पाण्यावर बोलले, मित्रकिड्यांवर तर गरजेपेक्षा दुप्पट बोलले. चहाची वेळ जवळ आली. मागून कोणीतरी ओरडलंच, "मॅडम, तो पुडीवाल्या मावशीचा किस्सा होऊन जाऊ द्या!"

हशा पिकला. मावशी माझ्याकडे बघत होत्या.

"त्या किश्शात," मी घसा खाकरला, "त्या किश्शात एक दुरुस्ती आहे. नंतर असं लक्षात आलं की तिथे रोग तंबाखूमुळे आला नव्हता. दुसऱ्या एका पॉलिहाउसमधून हातांवरून आला होता. तेव्हा हात धुण्याबाबत आपण सगळ्यांनीच..."

"कोणाच्या हातांवरून?"

मावशींनी बसल्या जागेवरून विचारलं. आवाज चढवला नाही. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. मला ते त्या दिवशी कळलं.

"माझ्या," मी म्हटलं.

"मागे ऐकू आलं नसेल," त्या म्हणाल्या.

"माझ्या हातांवरून! रोग मी आणला. भाऊ, तुझं पीक माझ्यामुळे गेलं. या मावशींनी चार वर्षांपूर्वीच तंबाखू सोडली होती. त्या मला सांगत होत्या, पुडी उघडून दाखवत होत्या, मी बघितली नाही. आणि मग तुम्हा सगळ्यांना हसवत फिरले."

कोणी हसलं नाही. भाऊनं मान खाली घातली, ती वर केलीच नाही. मघाशी ओरडणारा माणूस खुर्चीखाली काहीतरी शोधू लागला. मी माईक हातात धरून तशीच उभी होते, आता कोणीतरी काहीतरी बोलावं म्हणून, शिवी दिली तरी चालेल म्हणून.

मावशी उठल्या. पिशवी काखेत मारली आणि माझ्या समोरून, हातभर अंतरावरून, दुसऱ्या रांगेत रोपवाटिकावाल्या बाईंकडे गेल्या.

"ऐकलंत ना बाई?" त्या म्हणाल्या. "मग उद्यापासून येऊ का?"

बाई गडबडून उभ्या राहिल्या, हो हो म्हणाल्या. मावशींनी वेळ विचारली, ट्रे किती कप्प्यांचे आहेत ते विचारलं आणि दाराकडे निघाल्या. माझ्याकडे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. त्यांचं माझ्याकडचं काम झालं होतं.