चंद्रीच्या गोठ्यातलं मशरूम

मशरूमला वाढायला अंधार लागतो, ओल लागते, शांतता लागते. किस्स्यांना यातलं काहीच लागत नाही. आमच्या वडिवळ्याच्या शेडमध्ये मशरूम अधूनमधून रुसतं, किस्से मात्र बारमाही!

शेड कसली, सुमनवहिनींच्या सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, जुना गोठा. त्यांची चंद्री गाय शेजारच्या नव्या पत्र्याखाली गेली आणि तिच्या जागी आमच्या पिशव्या टांगल्या गेल्या. वहिनी पिकवतात, कामशेतचा सलीम स्कूटरवरून विकतो आणि मी तळेगावहून सुट्टीच्या दिवशी येऊन सल्ले देतो.

आबांना हे पहिल्यापासून नामंजूर. "गुरांच्या तोंडचा पेंढा घेता आन् त्यावर बुरशी पिकवता? दिवाळीपत्तूर बघतो. मंग गोठा रिकामा करायचा!"

आबांचा एक नियम आहे. घरात खायचं काही नवं आलं की आधी चंद्रीपुढे धरायचं. तिनं तोंड लावलं तर पास. सलीमनं मोठ्या उमेदीनं पहिलाच गुच्छ तिच्यापुढे धरला. चंद्रीनं हुंगलं, फुर्र केलं आणि मान फिरवली.

"लागला निकाल!" आबा म्हणाले.

वहिनींनी पहिल्यांदाच स्वतःचं असं काही उभं केलं होतं. ते दिवाळीला मोडणार म्हणून मला खरंच वाईट वाटायचं.

*

मी कंपनीत क्वालिटीला. नजर आधी डागावर जाते. अगदी सुरुवातीला, उकळलेल्या पेंढ्यात मशरूमचं बी घालून आम्ही पहिल्यांदाच पिशव्या भरल्या होत्या. पुढच्या खेपेला बघतो तर आत सगळीकडे पांढरी बुरशी! मी अख्खा लॉट 'रिजेक्ट' म्हणून बाहेर मांडून ठेवला.

वहिनी एकेक पिशवी परत टांगायला लागल्या. शेवटची टांगून म्हणाल्या, "भाऊजी, आपुन बुरशीच लावलीती की!"

*

श्रावणात सलीम हिरमुसून परत आला. पाकिटं तशीच.

"काय झालं रे?"

"सोसायटीतल्या काकू म्हणतात, हे मटणासारखं लागतं, श्रावणात नको. घरी अम्मी म्हणते, हे मटणासारखं लागत नाही, मला नको. आता विकू कुणाला?"

*

डॉक्टरांनी मला मटण कमी करायला सांगितलं, तेव्हा मी घरी मशरूमचे गुण गायला लागलो. प्रोटीन आहे, फायबर आहे, फॅट नावाला! बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि कढईत लोण्याचा मोठा गोळा सोडला.

"अगं, हे काय?"

"त्यात फॅट नाही म्हणालात ना? मग कुठून तरी यायला नको?"

*

मशरूम थोडा वेळ उन्हात ठेवलं की त्यातलं 'ड' जीवनसत्त्व वाढतं, हे मी वहिनींना सांगितलं. फक्त सांगितलं भर पावसाळ्यात, मावळात!

वहिनींनी आभाळाकडे पाहिलं. "ऊन निगालं तर आदी गोधड्या जात्याल. मंग मी. तुमच्या मशरूमचा नंबर तिसरा."

*

पीक काढून झालेला पेंढा आम्ही जाळत नाही, परसात खत म्हणून टाकतो. त्यावर आबांचा घेवडा असा लगडला की शेजारी बघायला आले.

"पेंढ्याचा गुण, आबा," मी हळूच म्हणालो.

"घेवडा मी लावलाय. गुण माजा हाय!"

*

दिवाळी तोंडावर आली. लोणावळ्याच्या एका हॉटेलची ऑर्डर होती. पिशव्यांचं प्लॅस्टिक काढून टाकलेलं, पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर गुच्छच्या गुच्छ लोंबत होते. सकाळी आम्ही तिघं टोपल्या घेऊन गेलो, तर शेडचं दार सताड उघडं. दाव्यासकट चंद्री आत, आपल्या जुन्या जागेवर उभी! खालची सगळी रांग तिनं फस्त केली होती, पेंढ्यासकट. आता मान उंचावून वरच्या रांगेला भिडली होती.

सलीमनं डोक्याला हात लावला. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

गलका ऐकून आबा आले. दारातच थांबले. चंद्रीकडे बघत राहिले. तिनं आणखी एक गुच्छ ओढला आणि डोळे मिटून चघळायला लागली.

आबांनी दावं धरून तिला बाहेर नेलं. खुंट्याला बांधलं. हातपाय धुतले, घरात जाऊन पाटावर बसले आणि ताट पुढे ओढलं.

"सुमन," आतून आवाज आला, "चंद्रीनं काय ठिवलं आसंल तर वाढ."