पाखरं पाहून केलेला प्रकल्प सरांना नको

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून थेट सायबर कॅफेत येऊन लिहितेय.

आमच्या बी.ए.ला पर्यावरणाचा पेपर सगळ्यांना सक्तीचा आहे. त्याच्या प्रकल्पासाठी मी आणि माझी मैत्रीण सुषमा हिंगणीला गेलो, बोर धरणाजवळची पाखरं पाहिली आणि त्यावर लिहिलं.

आज सरांनी ते उघडलंसुद्धा नाही. "हे काऊन केलं? गाईडातून उतरवून आणा. सगळ्यांचं सारखं असलं का तपासाले बरं पडते."

"पण सर, आम्ही सोता पाहून लिहिलं," सुषमा म्हणाली.

"नापास व्हायचं आहे काय तुले?"

सुषमा नापास झाली तर घरचे तिचं लग्न लावून देतील. ती बिचारी आता ग्रंथालयात बसून गाईड उतरवून राह्यली.

प्रकल्प उद्याच द्यायचाय. सांगा, मीही उतरवू का?