शांताकाकूंच्या गवतातली पिल्लं

पिल्लं मी हलवली होती. हे एका माणसाखेरीज मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि त्या एका माणसाला सांगायला नऊ वर्षं लावली.

पुनर्स्थापना हा शब्द निमगाव साव्यात मीच आणला. वनखात्याच्या शिबिराला जाऊन आलो होतो. गळ्यात ओळखपत्र घालून समजावायचो — उसात बिबट्याची पिल्लं सापडली की तोड थांबवायची, पिल्लं त्याच जागी ठेवायची, आई येऊन नेते. "जिथलं तिथं सोडायचं, एवढाच अर्थ," मी म्हणायचो. लोक ऐकायचे. मला ते आवडायचं.

मग माझ्याच उसात तीन सापडली.

ऊसतोड टोळीचा मुकादम हसला. "मालक, वाघिणीची वाट बघत बसाया आमी काय पावणं हाय? उद्या आळ्याच्या तोडीला निघायचंय."

टोळी गेली असती तर काय झालं असतं? ऊस आणखी काही दिवस उभा राहिला असता. बस, एवढंच.

पिल्लं टोमॅटोच्या क्रेटमध्ये घातली, बांधापलीकडे शांताकाकूंच्या हत्तीगवतात नेली. काकू एकट्या, दोन म्हशींवर घर चालायचं. क्रेट ओळखू येईल म्हणून पिल्लं कांद्यांसारखी खाली ओतली आणि रिकामा क्रेट घेऊन आलो. संध्याकाळपर्यंत ऊस तुटला, टोळी गेली.

पण खरं सांगायचंय ते हे नाही —

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू विळा घेऊन बांधावरून चालल्या होत्या. "काय रं दत्ता, झाली का तोड?"

"झाली, काकू."

मी एवढंच बोललो. त्या गवताकडे वळल्या, मी बघत राहिलो. आईनं पिल्लं नेली असतील असं वाटलं होतं का? नाही. मी स्वतःला काही वाटूच दिलं नाही. सांगितलं असतं तर कुणी ठेवली तेही सांगावं लागलं असतं.

त्या वाकल्या, आणि मादीनं झेप घेतली. लोक धावले म्हणून जीव वाचला. उजवा हात कोपरापासून गेला.

गवतात पिल्लं निघाली. काकू दवाखान्यातून घरी आल्यावर गावाची सभा भरली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काकू, पिल्लं दिसली तर कळवायचं, किती वेळा सांगितलं?"

"दिसलीच न्हाईत रं," त्या म्हणाल्या. मग खाली बघत, "माझंच ध्यान नसंल."

पुढे कित्येक सभांत, अगदी खोडद गावालासुद्धा, मी त्यांचंच उदाहरण दिलं — निष्काळजीपणानं हात गमावलेली बाई. लोक हळहळायचे. मी पाणी पिऊन पुढचा मुद्दा घ्यायचो.

गेल्या महिन्यात त्यांच्या गोठ्यात गेलो. त्या डाव्या हातानं म्हशीला वैरण टाकत होत्या. "बस की. च्या टाकते," म्हणाल्या. मी उभाच राहिलो.

"काकू, पिल्लं तुमच्या गवतात मीच टाकली व्हती. सकाळी तुमी निघालात तवा मला ठावं व्हतं. बोललो न्हाई. वर सभेत तुमच्यावर ढकललं. तुमचं काहीच चुकलं न्हवतं, काकू. सगळं माझं चुकलं."