फिकट गुलाबी

लाल रंगाच्या फिकट छटा मला दिसत नाहीत. रसायनशास्त्राच्या शिक्षकाने हे कबूल करणं अवघड असतं. मी शाळेत कधीच कुणाला सांगितलं नाही. फक्त बायकोला ठाऊक होतं.

शाळा बंद होत्या तेव्हा राजारामपुरीतल्या आमच्या स्वयंपाकघरात मी नववीसाठी प्रयोगांचे व्हिडिओ केले. ओट्यावर चंचुपात्र, मागे पांढरी चादर, आणि समोर मोबाईल धरून ती. आम्लात फिनॉल्फ्थॅलिन टाकून मी वरून अल्कलीचा एकेक थेंब सोडायचो. गुलाबी रंग टिकला की थांबायचं. मला मात्र शेवटपर्यंत पाणीच दिसायचं.

"अहो, आलं की गुलाबी! थांबा आता, सगळी बाटली वतताय काय?"

हे वाक्य व्हिडिओत तसंच राहिलं. मी कापायला निघालो, तर म्हणाली, "असू दे. पोरांना कळू दे, घरात कुणाचं चालतंय."

गेल्या पौषात ती गेली. अठरा दिवस दवाखान्यात होती.

यंदा तोच धडा आला तेव्हा मी डिजिटल फळ्यावर तोच व्हिडिओ लावला. तिचा आवाज वर्गात ऐकवेल असं वाटेना, म्हणून आवाज बंद ठेवला आणि स्वतः बोलत राहिलो. फळ्यावर माझे हात होते. कोपऱ्यात तिच्या बोटाची कड होती. ती नेहमी भिंगावर यायची.

"अजून रंग आलेला नाही," मी म्हणालो. "अजून नाही."

वर्ग हसला. "सर, कवाच आलाय की!"

मी फळ्याकडे पाहिलं. पाणीच होतं. तेव्हा मी मुलांना सांगून टाकलं, की हा रंग मला दिसत नाही. कुणी हसलं नाही.

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मग सर, व्हिडिओत तुम्ही थांबलाय कसं?"

मी व्हिडिओ मागे नेला आणि आवाज सुरू केला. बायको बोलली. बाटलीच्या वाक्याला वर्ग खदखदून हसला, तिला हवा होता तसाच. मग मोबाईल कलंडला, फळ्यावर आमचं छत आलं आणि तिचा आवाज, "ह्ये बंद कसं करायचं ओ?"

त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं होतं, पण ते व्हिडिओत आलेलं नाही.

मी टेबलावर खरं चंचुपात्र मांडलं. "रंग आला की सांगा," मुलांना म्हणालो, आणि पहिला थेंब सोडला.