मुलीची वेळ

धारूरच्या बाजारात एका काकांचं औषधांचं दुकान आहे. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी तिथूनच घेतो. ते कात्रीने गोळ्यांची पट्टी कापतात आणि प्रत्येक सूचनेनंतर "आलं ध्यानात?" असं विचारतात. झोपेची गोळी मागणाऱ्याला तर आधी रागावतात. "दुपारभर लोळता, मग राती डोळा कसा लागंल? सकाळी उन्हात फिरा. आलं ध्यानात?"

दिवाळीनंतर त्यांची मुलगी चार वर्षांनी अमेरिकेहून आली, दहा दिवसांसाठी. तिचं शरीर तिकडच्याच घड्याळावर चालत होतं. दिवसभर ती झोपायची आणि रात्री टक्क जागी असायची. दुकानात झोपेची घडी बसवणाऱ्या मेलाटोनिनच्या गोळ्या होत्या, पण त्यांनी तिला दिल्या नाहीत, उन्हातही पिटाळलं नाही. "दिवसा मी दुकानात. रातीच काय ती माझ्या वाट्याला यायची," असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. पहाटेपर्यंत बापलेक चहा पीत बोलत बसायचे.

ती परत गेल्यावर आठवड्याने मी गोळ्या आणायला गेलो. भर दुपारी ते काउंटरवर डोकं टेकून झोपले होते. मी हाक मारून उठवलं.

"काका, राती झोपत न्हाई काय?"

"दोनला जाग येती. मग चहा टाकतो."

"मग तुमीच घ्या की ती मेलाटोनिनची गोळी. चार दिवसांत घडी बसंल."

त्यांनी आईच्या गोळ्या पाकिटात भरल्या.

"बसंल की," ते म्हणाले. "मग मात्र पोरगी समदीच गेली म्हणायचं."