बा की बन्नि

निवृत्त होऊन सहा महिने झाले होते आणि घरात बसून बसून माझं डोकं फिरायची वेळ आली होती, म्हणून मी हो म्हटलं. नाहीतर दर शनिवारी बसवनगुडीहून मेट्रो बदलून इंदिरानगरला जायची हौस मला कशाला येईल?

बोलावलं होतं तिथल्या एका मराठी बाईंनी. मूळच्या पुण्याच्या, बेंगळुरात सात वर्षं, मोठ्या कंपनीत नोकरी. मी चौतीस वर्षं हायस्कुलात कन्नड शिकवलं आणि घरी मराठी बोलते, हे त्यांना कुणाकडून तरी कळलं. फोनवर म्हणाल्या, "ताई, आम्हा सात-आठ जणांना कानडी शिकायचंय. मराठीतून शिकवणारं कुणी मिळतच नाही."

'कानडी' ऐकून कपाळावर आठी आली. पहिल्या दिवशी पहिलं वाक्य हेच सांगायचं ठरवलं, की इथं 'कन्नड' म्हणा.

आमचं घराणं या गावात कधी आलं ते कुणालाच नीट ठाऊक नाही. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी, कुठल्याशा फौजेबरोबर, एवढंच मोठी माणसं सांगायची. घरात मराठी, पण हाका कन्नड, थोरला भाऊ अण्णा आणि थोरली बहीण अक्का. माझ्या निरोपसमारंभात हेडमास्तरांनी भाषण केलं, "मराठी असूनही यांचं कन्नड किती शुद्ध!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हात जोडले. पण घरी येईपर्यंत तो 'असूनही' दातात अडकलेल्या शेंगेच्या दोऱ्यासारखा सलत राहिला. म्हटलं, चला, आता आपल्या माणसांत जाऊ.

आपल्या माणसांचा दिवाणखाना चौथ्या मजल्यावर होता. खिडक्या बंद, उकडत होतं. मी म्हटलं, "स्वल्प पंखा घाला की."

सगळे हसले. "किती गोड बोलता हो तुम्ही!" बाई म्हणाल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीत त्यांचे सासरे बसले होते, तेही शिकायलाच. ते म्हणाले, "ताई, पंखा लावतात. घालतात ते कपडे."

"आमच्याकडं पंखा घालतात. दिवापण घालतात," मी म्हटलं.

"आमच्याकडं म्हणजे कुठं?"

"इथंच," मी म्हटलं आणि वही उघडली. शाळेत कन्नड शुद्ध बोलले तर कौतुक, इथं मराठी अशुद्ध बोलले तरी कौतुकच. दोन्हीकडं कौतुक पाहुण्याचं.

पहिले दोन शनिवार बरे गेले. एका सरकारी संशोधन संस्थेत काम करणारा, साताऱ्याकडचा एक तरुण इंजिनियर मन लावून शिकत होता. त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई त्याला रोज जिन्यात काहीतरी विचारायच्या आणि हा नुसता हसून निघून जायचा. "'ऊट आयता' म्हणजे काय हो?" त्यानं विचारलं.

"जेवलास का?"

त्यानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "आमची आईपण फोन उचलला की आधी हेच विचारते. आणि मी वर्षभर त्या बाईंना उत्तरच दिलं नाही."

त्या दिवशी परतताना मी मेट्रोत उभी होते तरी पाय दुखले नाहीत.

तिसऱ्या शनिवारी गाडी अडली. बाईंनी एक यादी काढून ठेवली होती. झाडून घे. भांडी नीट घास. उद्या लवकर ये. डावीकडं वळ. सुट्टे दे. "व्याकरण नंतर बघू, ताई. आधी एवढं द्या ना. कामवाली, ऑटो, भाजीवाला, यांच्यापुरतं."

मी यादीतलं 'उद्या लवकर ये' घेतलं आणि फळ्यावर लिहिलं, 'बन्नि'. म्हणजे 'या'.

"छोटं काहीतरी असतं ना? 'बा' असं? आमच्या ऑफिसातले एकमेकांना म्हणतात तसं."

"'बा' म्हणजे 'ये'. ते लहान मुलाला, नाहीतर जवळच्या माणसाला म्हणायचं. परक्या माणसाला म्हटलं तर अपमान होतो."

"अहो, पण कामवालीला!"

मला इतका राग आला की खडू मोडला. शाळेत मी आवाज चढवत असे, तसाच चढला. "पुण्यात तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना काय म्हणता तुम्ही?"

त्या काही बोलायच्या आत सासरे म्हणाले, "मावशी. मावशी, या. मावशी, चहा घ्या. आमच्या घरात हीच रीत आहे."

"मग ती रीत हद्द ओलांडली की संपते का? मराठीतल्या 'या'त आणि कन्नडमधल्या 'बन्नि'त काय फरक आहे?"

बाईंचा चेहरा लाल झाला. "ताई, आम्ही तिला काही वाईट वागवत नाही. तिलाच विचारा पाहिजे तर."

मी खरंच विचारलं. कामाला येणाऱ्या बाई स्वयंपाकघरात ओटा पुसत होत्या. कोलारकडच्या, चाळिशीच्या. मी कन्नडमध्ये विचारलं, "तुम्हाला हे लोक 'बा' म्हणाले तर चालेल, की 'बन्नि' म्हणायला हवं?"

त्यांनी फडकं पिळलं. माझ्याकडं बघितलं, माझ्यामागं दारात उभ्या राहिलेल्या माणसांकडं बघितलं. म्हणाल्या, "अक्का, आमच्या घरी तेलुगू बोलतात. यांच्याशी मी हिंदीत बोलते, त्यांना कळतं. बा म्हणा, बन्नि म्हणा. रविवारी सुट्टी द्या म्हणावं."

"काय म्हणतेय ती?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं, शब्दन् शब्द. इंजिनियर खाली बघायला लागला. सासरे म्हणाले, "बरोबर आहे तिचं." सून त्यांच्याकडं असं बघत राहिली की ते उठून आतच गेले. त्या दिवसाचा वर्ग तिथंच संपला. चहा आला, तो सगळ्यांनी उभ्याउभ्याच घेतला.

इंजिनियर मला सोडायला खाली आला. माझं डोकं अजून तापलेलंच होतं. फाटकाशी वॉचमननं वही पुढं केली, जायची वेळ लिहा म्हणून. कुठलासा ओडिशाकडचा माणूस, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. मी हिंदीत खेकसले, "अरे, हर हफ्ते आती हूँ, दिखता नहीं क्या तेरे को? तू लिख ले!"

त्यानं मुकाट्यानं लिहून घेतलं. आम्ही रस्त्यावर आलो. थोडं चालल्यावर इंजिनियर हळूच म्हणाला, "मॅडम, हिंदीतपण 'आप' आहे ना?"

मला त्याचाही राग आला. म्हटलं, आमच्या बेंगळुरात हिंदी अशीच बोलतात, 'आप-बिप' कुणी म्हणत नाही. ते खोटं नव्हतं. पण मघाशी वर बाईंचं कारण तरी दुसरं काय होतं? ऑफिसातले म्हणतात, म्हणून आम्हीपण. स्टेशनाशी त्यानं निरोप घेतला. मेट्रोत मला बसायला जागा मिळाली आणि मी बसवनगुडीपर्यंत नुसती जळत राहिले, आधी त्या बाईंवर, मग स्वतःवर, मग पुन्हा त्या बाईंवर, कारण ते सोपं होतं.

पुढच्या शनिवारी तिघंच आले. त्यानंतर ग्रुपवर बाईंचा निरोप आला, 'ताई, सगळ्यांना ऑफिसचं खूप काम आहे. दिवाळीनंतर बघू या.' खाली सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. इंजिनियरनं एकदा फोन केला. त्यानं सांगितलं की कोलारच्या बाईंना आता महिन्यातून दोन रविवार सुट्टी असते, आणि माझ्याबद्दल तिथं मत असं आहे की ताई चांगल्या आहेत पण फार कडक. मी त्याला म्हटलं, माझ्या घरी ये शिकायला. "बघतो," म्हणाला. लांब पडतं त्याला, मला कळतं.

दिवाळी झाली. संक्रांतीला बाईंनी ग्रुपवर तिळगुळाचं चित्र पाठवलं, 'गोड गोड बोला' लिहून. मी त्याच वेळी स्वयंपाकघरात बसून शेजाऱ्यांना वाटायला एळ्ळु-बेल्ल कालवत होते, तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे. म्हटलं, फोटो काढून टाकावा, आमच्याकडंही आज हेच वाटतात. मग वाटलं, कुणीतरी विचारणार, आमच्याकडं म्हणजे कुठं. फोन उपडा ठेवला आणि खोबरं कातरायला घेतलं.