मिल कॉर्नर ते विद्यापीठाचं गेट: माझा पळण्याचा लांबलेला महिना

या ब्लॉगवर आजवर घाट आले, लेणी आली, खानावळी तर गरजेपेक्षा जास्त आल्या. या वेळचा प्रवास छोटा आहे, जाऊन-येऊन सहा किलोमीटर. फक्त तो रोज पहाटे पळत करायचा होता, महिनाभर. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद, माझं वय सव्वीस आणि पोट चाळिशीचं.

मी वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर होतो. एका सकाळी कंपनीची बस माझ्या डोळ्यांदेखत सुटली. तिच्यामागं मी विजेचे दोन खांब होतील एवढं पळालो आणि रस्त्याच्या कडेला बसलो. बस थांबवून खाली उतरला तो गौतम. कारखान्यातल्या आमच्याच विभागात, म्हणजे शॉपमध्ये, तो तयार माल तपासायचा. त्यानं मला काखेत धरून वर चढवलं. बस हसत होती आणि हसणाऱ्यांपुढं माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही. महिनाभर रोज पळून दाखवतो, असं मी जाहीर केलं. गौतमनं लगेच अट घातली: एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. साक्षीदार म्हणून तोही पळणार होता.

पैठण गेटला कॅनव्हासचे बूट घेतले. पुंडलिकनगरातल्या माझ्या भाड्याच्या खोलीपासून मिल कॉर्नरपर्यंत सायकल, तिथं गौतम भेटायचा. पुढं पाणचक्की, मकाई गेटचा पूल, बेगमपुरा आणि विद्यापीठाचं गेट. तुम्हाला हा रस्ता पळायचा असेल तर उजाडण्याआधी निघा. मकाई गेटच्या कमानीतून एका वेळी एकच मोठी गाडी जाते, आणि तिच्यापुढं आपली गणना गाडीत होत नाही.

पहिल्या दिवशी पाणचक्कीपर्यंत पोचलो तेव्हाच मला आईची आठवण आली. मागून सायकलवर दूधवाले चाचा आले. ते पायडल मारायचे थांबले तरी माझ्या बरोबरीनं चालले होते. त्यांनी काळजीनं विचारलं, "क्या मियाँ, कोई पीछे लगा क्या?" मागं कोणी नव्हतं. गौतम तर कधीच पुढं गेला होता.

आठवड्याभरात पाय सरावले. पण पळून आल्यावर भूक अशी लागायची की शहागंजातल्या गरम जिलब्या आणि वर पोहे खाल्ल्याशिवाय सायकल हलायची नाही. रेल्वे स्टेशनवरच्या काट्यात नाणं टाकून वजन केलं तर दीड किलो वाढलेलं. तिकिटाच्या मागं छापलं होतं की तुमच्या प्रयत्नांना यश येत आहे.

एका रविवारी बदल म्हणून दिल्ली गेटपासून हर्सूलच्या तलावापर्यंत गेलो. सकाळी तिथं बदकं आणि वारा, दोन्ही भरपूर. पण वाटेत तुरुंग लागतो, हे मी विसरलो होतो. भिंतीपासून घाबराघुबरा पळत येणारा, बनियनवरचा माणूस पाहून एका हवालदारानं मला थांबवलं आणि कुठून पळालास म्हणून विचारलं. मी प्रामाणिकपणे दिल्ली गेट सांगितलं. माझं पोट बघून त्याची खात्री पटली असावी. तुरुंगात एवढं खायला मिळत नाही.

सतराव्या दिवशी चुलतबहिणीच्या साखरपुड्याला गावी होतो. नेम चुकू नये म्हणून पहाटे पांदीनं पळालो. आमचं घराणं मेंढपाळांचं. बा मेंढवाड्याजवळ मेंढरं मोजत उभा होता. माझी एक फेरी त्यानं पाहिली, दुसरी पाहिली.

"मेंढरामागं पळाया लागू नये म्हणून तुला शिकवला," तो म्हणाला. "आता पळतूस, अन् म्होरं मेंढरूबी नाय?"

तिसरी फेरी मी घराच्या मागच्या बाजूनं मारली.

एकविसाव्या दिवशी संध्याकाळी शहरात दुसऱ्या दिवशीच्या बंदची बातमी पसरली. विद्यापीठाच्या नामांतरासाठी वर्षानुवर्षं लढा चालू होता आणि विरोधही तेवढाच कडवा होता. आधीच्या दंगलीत गौतमचं गावातलं घर जळालं होतं, तेव्हाच त्याचे आईवडील शहरात आले. हे त्यानं पळता पळता एकदाच सांगितलं होतं, रस्त्यातला खड्डा दाखवावा तसं. आमच्या शॉपमध्ये हा विषय निघाला की मशीनचे आवाज वाढायचे.

त्या संध्याकाळी घरमालक वर आले. निवृत्त माणूस, एरवी प्रेमळ. उद्या त्या बाजूला जाऊ नका म्हणाले. दारातून वळता वळता पुढं म्हणाले, "आणि आपण कोणाबरोबर पळतो, तेही बघावं माणसानं."

मी होकाराची मान हलवली. ती मान आजही मला दिसते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सायकल काढलीच नाही. नेम मोडू नये म्हणून गच्चीवर गोल गोल पळालो, वाळत घातलेल्या पापडांना वळसा घालत. खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घाबरलोय हे मला कळत होतं, पण फेऱ्या मोजायचं सोडलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही पहाटे गच्चीवरच पळालो. नंतर बसमध्ये गौतमनं विचारलं, काल काय झालं. मी म्हणालो, ताप होता.

त्यानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "उतरला," म्हणाला. मग खिडकीतून बाहेर बघत सांगितलं, "मी अर्धा तास थांबलो. पोलिसानं दोनदा इचारलं, कोणाची वाट बघतो. मित्राची, म्हणलं."

त्या दिवशी माझ्या हातून तीन नग खराब झाले, आणि ते त्याच्याच टेबलावर गेले. त्यानं ते बाजूला ठेवले. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला खरं सांगितलं: ताप नव्हता, गच्चीवर होतो, मालक काय म्हणाले आणि मी मान कशी हलवली, सगळं.

"गच्चीवर असशील हे नव्हतं ठाऊक," तो म्हणाला. "ताप नाय हे ठाऊक व्हतं." डबा बंद करून तो उठला.

उद्यापासून पुन्हा पहिला दिवस, असं मी त्याच्या पाठीला सांगितलं. 

त्यानंतर आठ दिवस मी एकटा पळालो. गेटपाशी पोलिसांची गाडी असायची. पहिल्या दिवशी मला हटकलं, तिसऱ्या दिवशी ओळख पटली, पाचव्या दिवशी त्यांनी चहा देऊ केला. मी गेटला हात लावून परतायचो. हात लावायची काही गरज नव्हती. नवव्या दिवशी मिल कॉर्नरला गौतम बुटांची लेस बांधत बसला होता. "लई हळू पळतोस म्हणं," एवढंच बोलला. पोलिसांकडूनच कळलं असणार.

नवा तिसावा दिवस आम्ही फर्दापूरला काढला. आदल्या दिवशी दुपारच्या एसटीनं सिल्लोडमार्गे गेलो. अजिंठ्याचा घाट उतरताना उजवीकडची खिडकी धरा. एका साध्या लॉजवर राहिलो, शेवभाजी आणि भाकरी खाल्ली. सगळा खर्च दोन दिवसांच्या ओव्हरटाइममध्ये भागला. पहाटे फर्दापूर ते लेणी, चारेक किलोमीटर. शेवटच्या चढावर मी उलटी केली. गौतमनं पाण्याची बाटली पुढं केली आणि सांगितलं, मोजतोय, झालं तुझं. लेणी उघडायला अवकाश होता, म्हणून आम्ही पायऱ्यांवर बसून शेजारच्या डोंगरावर ऊन उतरताना बघितलं.

संध्याकाळी त्याला पुंडलिकनगरला घेऊन आलो. मालक फाटकात खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांना सांगितलं, हा गौतम, मी याच्याबरोबर पळतो. त्यांनी बरं म्हटलं आणि वाट द्यायला खुर्ची सरकवली. चहा विचारला नाही. तो मी वर स्टोव्हवर केला, आणि साखर जास्त पडली.

पुढं शिफ्ट बदलल्या, पळणं बंद पडलं आणि वजन मूळ गावी परतलं. दोनेक वर्षांनी विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला, तेव्हा गौतमनं बसमध्ये पेढे वाटले. काहींनी खिडकीबाहेर पाहिलं. मी दोन घेतले आणि एक मालकांना नेऊन दिला. कशाचा, ते सांगूनच दिला. त्यांनी तो बराच वेळ तळहातावर ठेवला, मग खाल्ला.

आता आम्ही दोघंही निवृत्त आहोत. गौतम अजून फिरायला जातो आणि सकाळी फोन करून विचारतो, उठलास का, गेला होतास का. मी अंथरुणातूनच सांगतो, नाही गेलो. त्याच्याशी खोटं मी एकदाच बोललोय.